शमूनं पुसलेल्या खुणा

नातीला पायांवर पालथं घालून न्हाऊ घालत होते, तेव्हा सटवाजीबाबा अंगणात येऊन उभे राहिले. पूर्णेला लेकीच्या रेल्वे क्वार्टरचं ते मागचं अंगण. तिथं यायचं तर माणूस लांबून हाक मारत येतो. हे न बोलता आले. सटवाजीबाबा म्हणजे आमच्या गावच्या बौद्धवाड्यातले सगळ्यांत वडीलधारे, गुडघ्यांनी पार थकलेले. गंगाखेडच्या बाजारालासुद्धा ते आता जात नाहीत, आणि गाडीत बसून पूर्णेपर्यंत आले म्हणजे बातमी काय असणार हे मला कुणी सांगायला नको होतं. तरी बावळटासारखी म्हणाले, "बाबा, बसा, च्या टाकते." ते म्हणाले, "अक्का, आधी लेकरू पुसून घ्या." मी पोरीला पुसलं, दुपट्यात गुंडाळलं, लेकीच्या हातात दिलं. मग ते म्हणाले, "पास्तर गेले..."

पास्तर म्हणजे माझा पाठचा भाऊ शमुवेल, गोदाकाठच्या आमच्या गावातल्या ख्रिस्ती मंडळीचा पाळक. आई लवकर गेली, तेव्हा शमूला मीच वाढवला. पुढं मी बायबलबाई झाले, म्हणजे मिशनच्या वतीनं खेडोपाडी फिरून बायकांना शास्त्र वाचून दाखवणारी. नवरा वारल्यावर शमूच्याच घरी येऊन राहिले. शमूनं लग्न केलं नाही. मंडळी हीच माझी बायको, असं तो हसत म्हणायचा. बरी बायको मिळाली! तो गेला तर तिच्यातलं एक माणूस मला सांगायला आलं नाही. तार नाही, निरोप नाही. ज्यांच्या पोरांचा बाप्तिस्मा त्यानं केला, ज्यांच्या म्हाताऱ्यांच्या उशाशी बसून प्रार्थना केल्या, ते सगळे गल्लीत बसून राहिले, आणि बातमी घेऊन आला तो बुद्धाला मानणारा दुखऱ्या गुडघ्यांचा म्हातारा. या लेखात रडारड करायची नाही असं ठरवून बसले होते. ते काही जमणार नाही, आत्ताच सांगते.

आमची ख्रिस्ती गल्ली आणि बौद्धवाडा ही काही दोन वेगळी माणसं नव्हेत. एकाच आज्याची लेकरं आम्ही. निजामाच्या राजवटीत गोऱ्या पाद्र्याचं ऐकून अर्धी घरं ख्रिस्ताकडे आली, उरलेली छप्पन्न सालानंतर बुद्धाकडे गेली. देव बदलले, भिंती त्याच राहिल्या. सटवाजीबाबांच्या घराची मागची भिंत तीच माझ्या चुलतभावाच्या, याकोबच्या घराची मागची भिंत. इकडे मिरची कुटली की तिकडे शिंका. गावातल्या मोठ्या विहिरीवर आम्हालाही मज्जाव होता आणि त्यांनाही. येशूचं नाव घेतल्यानं कुणी पोहरा हातात दिला नव्हता. शमूचं सगळं म्हणणं इथूनच सुरू व्हायचं. "अक्का, गाववाले आपल्याला येकच समजत्यात. न समजणारे आपलेच लोक हायत."

बहात्तरच्या दुष्काळात मिशननं गहू आणि तेलाचे डबे पाठवले, मंडळीत वाटायला. शमूनं चर्चच्या पायरीवर पोती फोडली आणि बौद्धवाड्यालाही रांगेत उभं केलं. एवढंच करून थांबला असता तर गोष्ट वेगळी. तो रोज खडी फोडायच्या कामावर जाऊन बसू लागला. मुकादम बायकांच्या पाट्या कमी धरायचा, म्हणून त्याच्याशी भांडू लागला, भांडता भांडता स्वतःच हातोडा घेऊन खडी फोडू लागला. वर तक्रार गेली. मिशनचे मोठे साहेब जीपमधून आले, माझ्या हातचा चहा प्याले आणि त्याला म्हणाले, "पाळकानं राजकारणात पडू नये." शमू म्हणाला, "साहेब, भुकेल्याला भाकरी दिली तर धर्म, आन् भाकर कुणी काढून घेतली असं इचारलं तर राजकारण, हे मला उमगंना." साहेबांनी कप खाली ठेवला. मी आत जाऊन कपाळावर हात मारून घेतला. या पोराला गप्प बसायला कुणी शिकवलंच नाही, आणि वाढवला तर मीच होता.

आता त्या खुणेचं सांगते. वाचकांतल्या पुष्कळांना आमच्या वल्हांडण सणाची गोष्ट ठाऊक नसेल. फार पूर्वी मिसर देशात गुलामीत पडलेल्या लोकांना देवानं सांगितलं, आज मरण या देशावरून फिरणार आहे; कोकरू मारा, त्याचं रक्त दाराच्या चौकटीला लावा, म्हणजे ते तुमचं घर ओलांडून पुढं जाईल. ओलांडून जाणं म्हणजेच वल्हांडण. दरवर्षी ईस्टरच्या आधी शमू रविवारच्या शाळेतल्या लेकरांना ही गोष्ट सांगायचा, आणि नुसती सांगून भागायचं नाही म्हणून गेरू कालवून त्यांच्या हातानं शाळेच्या चौकटीवर लाल खूण काढून घ्यायचा. लेकरं गेरूनं माखून घरी यायची, आया ओरडायच्या. गल्लीतल्या तीन-तीन पोरवड्यांनी ही गोष्ट अशी हातानं शिकली. आमच्या जिल्ह्यात दुसऱ्या कुठल्या मंडळीत ही पद्धत मी पाहिली नाही. ती शमूच्याच डोक्यातली.

गेल्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला. ते मी काय सांगावं, सगळ्यांनी पाहिलं आहे. कुणी पाहिलं नाही म्हणत असेल तर त्यानं त्या दिवसांत डोळे मिटून घेतले होते. बाबासाहेबांचं नाव नको म्हणून माणसांची घरं जाळायची, ही कुठली रीत? पावसानं ओढ दिली होती, छपरं वाळून कोळ झाली होती, आणि रोज कुठल्या तरी गावचं ऐकू यायचं. मग एका सकाळी मी पाणी आणायला निघाले तर गल्लीतल्या दारादारावर लाल क्रूस. ओला गेरू, अजून ओघळणारा. याकोबनं सुचवलं होतं. तो मंडळीचा पंच, दवाखान्यात कंपाउंडर, चार माणसांत वजन असलेला. मला म्हणाला, "अक्का, आपण बौद्ध न्हाईत हे त्यान्ला कळाय पायजे. शमूनंच तर शिकवलंय. खूण बघून आग वल्हांडून जाईल." त्यात त्याचं काय चुकलं होतं? लेकराबाळांचा धनी तो. घरात आंधळी म्हातारी आई, आमची रूथकाकू. भीती कुणाला नव्हती... मलाही होती. आमच्याही दारावर क्रूस काढून झाला होता.

शमू बाहेर आला आणि दाराकडे बघत राहिला. मला वाटलं, चिडेल, ओरडेल. पण त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "अक्का," तो म्हणाला, "आपल्याला वल्हांडून ती कुणाच्या घरात शिरंल?" पुढच्या घरात. पुढचं घर सटवाजीबाबांचं. क्रूस असलेली दारं सोडा आणि नसलेली जाळा, असं आमच्याच लोकांनी गेरूनं लिहून ठेवलं होतं, आणि गोष्ट होती त्याची स्वतःची.

आधी त्यानं सोपा मार्ग काढला. गेरूचं भांडं उचललं आणि बौद्धवाड्यात गेला, मी मागोमाग. सटवाजीबाबांना म्हणाला, "बाबा, तुमच्याबी दारावर काढतो. सगळीच दारं येक झाली म्हंजे कुणाला कळणार न्हाई." बाबांनी त्याला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं. मग म्हणाले, "पास्तर, तुमचा जीव आमच्यासाठी तुटतो, हे मला दिसायलंय. पण आमी आता कुठं मान वर केलीय. ज्या नावापायी जाळायलेत, तेच नाव लपवून जगायचं? मग ते जाळत्यात त्येच खरं झालं की. क्रूस तुमचा, तुमच्यापाशी राहू द्या. आमच्या दारावर नको." शमूनं मान खाली घातली. गेरूचं भांडं उचललं आणि उठला.

परत आल्यावर त्यानं गोणपाट भिजवलं आणि पहिल्यांदा आमचं दार पुसलं. मग शेजारचं, मग त्याच्या शेजारचं. बायका धावून आल्या. एकीनं त्याचा सदरा धरून ओढला, एकीनं माझ्यापुढं पदर पसरला, "अक्का, आवरा त्येला, लेकरं हायत आमची!" तो कुणाशी भांडला नाही. पुसताना एकच म्हणत राहिला, "समद्यांच्या दारावर, न्हाईतर कुणाच्याच न्हाई." याकोब दारात आडवा उभा राहिला. "शमू, माझ्या दाराला हात लावलास तर आपलं नातं संपलं." शमू म्हणाला, "याकोबा, मधली भिंत येक हाय रे आपली. आग काय वाचून शिरती का?" आणि त्याच्या काखेखालून हात घालून पुसलं. आतून रूथकाकू विचारत होती, "काय चाललंय रे? कोण हाय दारात?" कुणी तिला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी जाळणारे आले, हातात घासलेटाचे डबे घेऊन. बाहेरगावचे होते आणि गावातलेही होते, ओळखीचे. कुणाकुणाच्या आयांना मी शास्त्र वाचून दाखवलं होतं. शमूनं सकाळीच ठरवून ठेवलं होतं, चर्चच्या भिंती दगडी आहेत, पत्रा आहे, तर दोन्हीकडची बायकालेकरं तिथं आणायची. ओरडा ऐकू आला तशी पळापळ झाली. याकोब दवाखान्यात होता, त्याची बायको लेकरं घेऊन निघाली. म्हातारीला उचलायला शमू आत गेला. मी दाराशी होते, म्हणून हे मी कानानं ऐकलं. रूथकाकू बाजेवर मांडी घालून बसली होती, अगदी निवांत. "मला कामून उठवायलास? माझ्या दारावर खूण हाय."

"काकू, खूण पुसलीय. चल."

ती हसली. "जा रे, चेष्टा करायलास व्हय म्हातारीची? कोण पुसंल?"

"मी पुसली, काकू."

"तू?" ती आणखी हसली. "तू पुसशील व्हय? तूच तर लेकरांस्नी शिकवलंस. जा, तू लेकरं सांभाळ, मला काय होतंय." आणि बाजेची कड धरून बसली. तेवढ्यात बौद्धवाड्याकडून लेकरांचा आकांत आला. एका घराचं छप्पर धडधडायला लागलं होतं. शमूनं माझ्याकडे पाहिलं, काकूकडे पाहिलं. "पोरं पोचवून आलोच," म्हणाला आणि पळाला. मी काकूला ओढायला गेले. माझ्यानं ती हलेना. मग धूर आला आणि मलाच कुणीतरी दंड धरून बाहेर ओढलं... शमू परत आला तेव्हा याकोबच्या घराचं आढं खाली आलेलं होतं. तो आत घुसत होता. सटवाजीबाबांच्या दोन मुलांनी त्याला कमरेला मिठी मारून जमिनीवर पाडलं आणि धरून ठेवलं. तो माती उकरत होता.

चर्चमध्ये गेलेले सगळे वाचले. बौद्धवाडा जवळजवळ सगळा गेला, आमच्या गल्लीतली भिंतीला भिंत लागलेली घरं गेली. माणूस एकच गेलं. आणि मग, काही दिवसांनी, पलीकडच्या गावचा एक पाहुणा बोलून गेला की त्यांच्याकडे क्रूस काढलेल्या घरांना म्हणे कुणी हात लावला नाही. खरं की खोटं, देव जाणे. मी त्या गावी जाऊन विचारणार होते, शमूनं जाऊ दिलं नाही. "खरं निघालं तर काय करशील, अक्का?"

त्यानंतरचं वर्ष मला आठवायचं नाही, पण दुसरं काही आठवतही नाही. जळालेल्या घरांना पुन्हा दारं बसली. या वेळी क्रूस गेरूचे नव्हते, ऑइल पेंटचे होते, दर दारावर, हातभर लांब. शमू त्या गल्लीतून रोज जायचा, एकाही क्रूसाला त्यानं हात लावला नाही, मान वर करून पाहिलंही नाही. रविवारी घंटा वाजवायचा आणि उपासनेला मी एकटी. मंडळी याकोबच्या अंगणात वेगळी बसायची. शमू रिकाम्या बाकांना शास्त्र वाचून दाखवायचा, मोठ्यानं, जसं काही चर्च भरलंय. मला ते बघवायचं नाही. वाटायचं उठावं आणि म्हणावं, बास कर रे, कुणी नाही इथं. त्याचं जेवण तुटलं. उरलेल्या वेळी बौद्धवाड्यात कुडाच्या भिंती लिंपायला जायचा. मला पुन्हा पुन्हा विचारायचा, "अक्का, मी पुसाय नको हुतं का?" काय सांगू? सकाळी विचारलं की मी म्हणायची, तू बरोबर केलंस, दुसरं काही करताच आलं नसतं. संध्याकाळी विचारलं की चिडायची, तुझ्या तत्त्वापायी म्हातारी गेली, आता मला काय विचारतोस, ज्याचं नाव घेतोस त्याला विचार. एकदा तो म्हणाला, "विचारलं. रोज विचारायलोय. तो काय बोलंना."

देवावर माझा विश्वास आहे. चाळीस वर्षं त्याचं नाव सांगत उन्हातान्हात फिरले. पण त्यानं माझ्या भावाला एक शब्द द्यायला हवा होता. हो किंवा नाही, काहीही. ही तक्रार मी घेऊन मरणार आहे, वर गेल्यावर पहिली हीच मांडणार आहे, आणि कुणाला हे पाप वाटलं तर वाटो.

डॉक्टर म्हणाले कावीळ. असेल. लेकीच्या बाळंतपणाला मी पूर्णेला निघाले तेव्हा तो एसटीपर्यंत सोडायला आला होता, डोळे पिवळे पडलेले. मी म्हटलं, जात नाही. म्हणाला, "जा, बाळाला बघ. जलमणाऱ्याकडं कुणीतरी गेलं पायजे." एवढंच शेवटचं बोलणं.

सटवाजीबाबांबरोबर मी गावी पोचले तेव्हा उन्हं कलत होती. आमच्यात कबर मंडळीची माणसं खणतात, भाडोत्री माणूस लावत नाहीत. ती मयताची शेवटची सेवा. मंडळीतून कुणी फावडं उचललं नव्हतं. कबर बौद्धवाड्यातल्या पोरांनी खणली होती, वैशाखातल्या दगडासारख्या काळ्या मातीत, हातांना फोड येईपर्यंत. प्रार्थना म्हणायला पाळक नव्हता. शेजारच्या तालुक्याहून येणार होता, आला नाही. मग मीच म्हटली. बायबलबाईनं कबरीवर प्रार्थना म्हणायची रीत नाही, पण रीत सांगायला तिथं होतं कोण? बौद्धवाडा डोकी उघडी करून उभा होता. प्रार्थनेचे शब्द त्यांना येत नव्हते, आणि माझ्या तोंडून नीट निघत नव्हते. याकोब कब्रस्तानाच्या कुसाबाहेर उभा होता. आत आला नाही, आणि गेलाही नाही.

याला काही आठवडे झाले. नवा पाळक येईपर्यंत मी याच घरात आहे. परवा सकाळी दारावर थाप पडली, उघडलं तर याकोब. वर्षभरात आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. हातात फडकं, नखं रंगानं भरलेली.

"अक्का, घासलेट हाय का घरात?"

घासलेटाचा वास मला त्या दुपारपासून सोसत नाही, आणि यालाही सोसत नसणार.

"कशाला?"

"दारावरचा क्रूस काढायलोय. निघंना. ऑइल पेंट हाय." मग खाली बघत म्हणाला, "शमूला माफ केलं असं समजू नका. आईचं म्या मरंपर्यंत इसरणार न्हाई. पण सटवाजीच्या पोरांनी त्येची कबर खांदली आन् म्या कुसाबाहेर उभा. घरी आलो तर दारावर हे. ह्येच्याखालून मला आत जाता येईना, अक्का... म्या काय करू?"

मला काय ठाऊक, काय करू ते! मी त्याला बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. आत गेले, स्टोव्हमधलं होतं तेवढं घासलेट बाटलीत ओतलं आणि आणून दिलं. तेव्हापासून तो रोज येतो. बाटली पुढं करतो, मी ओतते. दिवसभर गल्लीत घासायचा आवाज येतो. बायको त्याच्यावर ओरडते, शेजारी त्याला वेडा म्हणतात, आणि पुन्हा आग आली तर काय, असं विचारतात. तो घासत राहतो.

काल मी जाऊन पाहिलं. आडवी रेघ गेली आहे, उभी अजून आहे. आणि या आठवड्यात राशनला घासलेट आलेलं नाही.